वीटभट्टीला जाणारा सोलर : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज पहिल्यांदा पाड्यावर जाऊन आलो. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून कसारा लोकल, खर्डीला उतरून गुरुजींच्या बाईकवर पाऊण तास आणि शेवटचा तुकडा चालत, कारण ओढ्याला अजून गुडघाभर पाणी आहे. गुरुजी म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंचा भाऊ, तिकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. गणपतीत आले होते तेव्हा म्हणाले तू रबाळ्याला पॅनल बोर्डची कामं करतोस ना, मग आमच्या पाड्यावर सोलर पडलंय ते जरा बघून जा. त्या "जरा"चं पुढे काय होणारे देव जाणे.

पाडा १४ घरांचा, ठाकर आणि कातकरी. विजेचे पोल खालच्या गावठाणात संपतात. मजा बघा, याच तालुक्यातल्या तानसा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांना एप्रिलमध्ये टँकर लागतो, आता विजेचंही तेच.

९ घरांवर पॅनल आहेत, कधीतरी कुठल्यातरी योजनेत आलेले. मागच्या प्लेटवर ३७ वॅट अजून वाचता येतं. खाली सीएफएलचे होल्डर, त्यात कोळ्याची जाळी. बॅटऱ्या मात्र एकही जिवंत नाही. काही भंगारवाल्याला गेल्या, एका घरात बॅटरीचा डबा वरून कापून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. मी बघितलं आणि ओरडलोच, आजी हे फेका आधी, शिसं असतं यात. आजी म्हणाली "इतकी वर्सं पीत्यात, नाय काय झालं." शेवटी मी माझी पाण्याची बाटली कापून दिली आणि तो डबा गोणीत भरून घेतला.

मल्टीमीटर नेला होता. दुपारी साडेबाराला एकेक पॅनल उघड्यावर मोजलं, ओपन व्होल्टेज २० च्या वर सगळीकडे. शॉर्ट करून करंट बघितला तर १.४, १.५ असा, मग एक पॅनल नारळाच्या किशीने आणि पाण्याने घासलं, शेवाळ गेलं, करंट २ अँपिअर. म्हणजे काच धुतली नव्हती एवढंच! ९ पैकी ७ एकदम ओके, एकाची काच फुटलेली, एकाच्या जंक्शन बॉक्समध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलंय आणि आतला डायोड गंजून तुटलाय.

परत येताना गाडीत हाच विचार. पॅनल पंचवीस वर्षं चालतं असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण त्याच्याखालची लेड-ॲसिड बॅटरी गावात तीन-चार वर्षांत मरते, आणि नवीन घ्यायला कुणाकडे पैसे नसतात की सगळा सेट मेला.

९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत हिशोब. एका घराला ५ वॅटचे दोन एलईडी पाच तास, ५० वॅट-तास. रात्रभर जळायला १ वॅटचा छोटा दिवा, ८. दोन मोबाइल, २० धरू. एकूण ७८. ३७ वॅटचं जुनं पॅनल चार तास खरं ऊन धरलं आणि तीस टक्के लॉस धरला तरी शंभर देईल. बसतंय.

रात्रभरचा दिवा गुरुजींनी मुद्दाम टाकायला लावला. लोक जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच फिरते.

बॅटरी एलएफपी घ्यायची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ३२७०० साइजचे सेल, ३.२ व्होल्ट ६ एएच (अँपिअर-तास), चार सिरीज दोन पॅरलल म्हणजे १२.८ व्होल्ट १२ एएच, साधारण दीडशे वॅट-तास, दीड-दोन दिवस निघतात. लेड-ॲसिड अर्धीच वापरावी लागते, पाणी घालावं लागतं आणि वजन बघा, त्यापेक्षा ही दोन किलोच्या आत बसते.

एका घराचा खर्च: सेल १८४०, बीएमएस (सेल जास्त भरले की बॅटरी तोडणारं सर्किट) २६०, निळा कंट्रोलर (पॅनलवरून चार्जिंग सांभाळणारा) ४८०, तीन दिवे २७०, वायर-स्विच-डबा ४५०. एकूण ३३०० रुपये. पॅनल फुकट, कारण ते आधीच छपरावर आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

वर्कशॉपमध्ये मशिनची पूजा, झेंडू, पेढे. तिथेच विषय काढला. घणसोलीला सोसायटीत राहणारा आमचा एक सहकारी म्हणाला अरे त्यांना सूर्य घर योजनेत का नाही बसवत, आमच्या सोसायटीत तेच चाललंय. त्याला सांगितलं ती योजना फेब्रुवारी २०२४ ची, एक किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, चांगलीच आहे, पण त्याला आधी लाइटचा मीटर लागतो राजा. कातकरी घरांसाठी नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम जनमनमध्ये बिगर-ग्रिड सोलर आहे, त्याचे कागद गुरुजी जमवतायत, आधार, जातीचा दाखला वगैरे. ते येईल तेव्हा येईल.

पोरांनी दिवाळी बोनसमधून काढायचं ठरवलं. सहा घरं घेऊ आधी. घरटी १५०० लोकांनी द्यायचे, महिन्याला १०० करून, बाकी आमचे. पूर्ण फुकट द्यायचं नाही असं गुरुजींचं आणि माझं एकमत, फुकटचं कुणी दुरुस्त करून मागत नाही.

२० आणि २७ ऑक्टोबर

दोन रविवार मिळून सहा घरं झाली. वेल्डर काका सोबत, त्यांनी छपराचे हूक इतके घट्ट मारले की भूकंपात घर पडेल, पॅनल नाही. दक्षिणेकडे तोंड, उतार २० अंश, ठाण्याचा अक्षांश १९ च्या वर आहे म्हणून. भात कापणीची गडबड होती, सगळे शेतात, संध्याकाळी आले आणि दिवा लावला तेव्हा एका घरातली वहिनी पहिलं काय म्हणाली असेल तर "अगं बया, किती जाळी लागल्यात वर!" आणि झाडूच घेतला.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

गुरुजींनी फोटो पाठवला. सहा घरं पिवळी. घरी सगळ्यांना दाखवला, आईने दोनदा झूम करून बघितला.

२४ नोव्हेंबर, रविवार

डोकं फिरलंय. महिन्याचा चेक करायला गेलो तर सहापैकी चार घरांना कडी. पॅनल वर मस्त ऊन खातंय, आत फुल चार्ज बॅटरी, आणि माणसं नाहीत. कुठे गेली? वीटभट्टीला! पडघ्याच्या बाजूला, भिवंडीकडे, एक कुटुंब पार पनवेलकडे. दिवाळी झाली की शेठचा टेम्पो येतो, उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेतलेली असते, पोराबाळांसकट आणि कोंबड्यांसकट जातात ते पावसाच्या तोंडावर परत.

गुरुजींना म्हणलं अहो तुम्हाला माहीत होतं ना हे? तर म्हणाले "माझ्या वर्गातली अर्धी मुलं दर वर्षी जातात, मला वाटलं तुलाही माहीत असेल." काय बोलणार. ठाणे जिल्ह्यात जन्म गेला माझा आणि ज्या विटांच्या घरात राहतो त्या कोण थापतं हे मला रबाळ्यात बसून ठाऊक नव्हतं. वर्षातले सहा-सात महिने माणूस जिथे राहत नाही तिथे मी भूकंपाचे हूक मारून आलो.

घरी राहिलेल्या आजीने सांगितलं की भट्टीवर झोपडीत चिमणीच असते, रेशनवर रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल जाळतात, नाहीतर दहा-वीस रुपयांची चायनीज बॅटरी. मोबाइल चार्ज करायला नाक्यावरच्या दुकानात दहा रुपये.

१ डिसेंबर

नवीन डिझाइन. एकच अट, बाईने एका हाताने उचलून टेम्पोत ठेवता आलं पाहिजे. आजीला फोनवर विचारलं भट्टीला जाताना काय काय नेता. एक पत्र्याची पेटी, गोधड्या, हंडा, तवा, कोयता, कोंबड्या. मग डबा पेटीत मावेल असाच करायचा, पेटीचं माप गुरुजींनी टेपने घेऊन पाठवलं.

बॅटरी, बीएमएस, कंट्रोलर एका पीव्हीसी डब्यात. बाहेर दोन पिवळे एक्सटी६० कनेक्टर, एक पॅनलचा एक दिव्यांचा. हा कनेक्टर उलटा घुसतच नाही, प्लस-मायनस चुकायचा प्रश्न नाही, अंधारात चाचपून लावता येतो. एकाला काळी टेप, एकाला लाल. छपरावरचे वेल्ड केलेले हूक काढून विंग नट, हाताने फिरतात, पान्हा नको. वेल्डर काका जरा नाराज.

पॅनल नेताना दोन गोधड्यांच्या मध्ये. ही आयडिया आजीची.

१५ डिसेंबर

चार घरांच्या किल्ल्या आजीकडेच होत्या. डबे बदलले, पॅनल उतरवले, गुरुजींच्या ओळखीच्या छोटा हत्तीत टाकून तीन कुटुंबांना पडघ्याकडे पोचवले. पनवेलवाल्या कुटुंबाचा फोन लागत नाही.

भट्टीवरची झोपडी मी पहिल्यांदा जवळून बघितली. कच्च्या विटा मातीशिवाय एकावर एक रचलेल्या, वर पेंढा आणि ताडपत्री, आत वाकूनच जायचं. याच्यावर पॅनल बसणार कुठे? शेवटी बांबू पुरला आणि त्याला तारेने बांधलं. शेठचा माणूस येऊन उभा राहिला, हे काय, आमच्या लाइटवर आकडा टाकताय का? त्याला डबा उघडून दाखवला. गेला बाबा.

हप्त्याचंही ऐका. ऑक्टोबरपासून दोनच घरांनी शंभर दिले. मी जरा तापलोच होतो, तर भट्टीवरचा एक दादा शांतपणे म्हणाला, "मयन्याला पैसं कुठून आणू, आमाला मयना नसतो." बरोबर आहे. ह्यांच्या हातात पैसा वर्षातून दोनदाच येतो, उचल मिळते तेव्हा आणि परत जाताना हिशोब होतो तेव्हा. मधे आठवड्याची खर्ची तेवढी. केनियात एम-कोपा कंपनी मोबाइलवरून रोजचे थोडे थोडे पैसे घेऊन सोलर देते असं वाचलं होतं आणि महिन्याचा हप्ता आपण जणू त्याचीच मराठी आवृत्ती काढली होती. पगारदार डोकं. आता ७५० चे दोन भाग, एक जूनला एक दिवाळीला. ज्यांनी शंभर दिलेत त्यांचे त्यातून वजा.

१९ जानेवारी २०२५, रविवार

भट्टीवर मोजमाप. दुपारी पॅनलचा करंट १.३ अँपिअर, म्हणलं खराब झालं की काय. बोट फिरवलं तर काळं. भट्टी पेटलेली, कोळशाची धूळ आणि राख दिवसभर उडते. ओल्या फडक्याने पुसलं, १.९. म्हणजे रोज न पुसता एक तृतीयांश वीज राखेत जात होती. झोपडीतल्या तिसरीतल्या पोराला काम दिलं, शाळा तशीही सुटलेलीच आहे त्याची (हे लिहितानाही कसंतरी होतंय). तो आता रोज सकाळी पुसतो आणि रात्री पॅनल काढून आत घेतो, चोरीला जाऊ नये म्हणून. गुरुजींनी त्याला पुस्तकं पाठवलीत, दिव्याखाली वाचतो असं त्याची आई म्हणते, पोरगा म्हणतो गेम खेळतो. मी पोरावर विश्वास ठेवतो.

९ फेब्रुवारी

फोन आला, "दादा, दिवं फुटलं." एका डब्याचे तिन्ही दिवे एकदम गेले. डबा घेऊन वर्कशॉपला आलो.

दोन दिवस डोकं लावल्यावर कारण सापडलं, लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा होणार नाही. सिरीजमधल्या चार गटांपैकी (प्रत्येकी दोन सेल) एक बाकीच्यांपेक्षा पुढे धावत होता, बाकी ३.४५ असताना तो ३.६५ ला पोचायचा. तिथे बीएमएस म्हणतो बास, आणि बॅटरी तोडतो. त्याचं चुकलं नाही. पण भरदुपारी बॅटरी सुटली की स्वस्तातल्या निळ्या कंट्रोलरला कळतच नाही, पॅनलचे १८-२० व्होल्ट सरळ दिव्यांकडे जातात. त्या दिवशी कुणीतरी आजारी होतं म्हणून झोपडीत दुपारी दिवे चालू होते. गेले.

दोष माझाच. सेल आणले तसे जोडले, जोड्या लावल्या नव्हत्या, आणि कंट्रोलरची चार्जिंग लिमिट कंपनीने दिली तशी १४.४ वर ठेवली होती. आता सगळ्या डब्यांत १४.० केली, सेलमागे साडेतीन, एलएफपी तेवढ्यात जवळपास भरतेच. खालची कट-ऑफ पण १०.७ ची १२.० केली, १०.७ ही लेड-ॲसिडची सवय, एलएफपी त्याच्या खूप आधी रिकामी झालेली असते. आणि त्या डब्यातले आठही सेल आधी पॅरललमध्ये रात्रभर जोडून एका लेव्हलला आणले, मग परत पॅक केले.

नवे दिवे ९ ते ३० व्होल्टवाले घेतले, वीस रुपये जास्त. आधीच घ्यायला हवे होते.

१४ मार्च, धुळवड

शिमग्याला बरेचजण दोन दिवस पाड्यावर आले. मी पण गेलो. होळीजवळ नाच, ढोल, आणि एका झाडाला आमचाच डबा टांगून पाच वॅटचा दिवा. पनवेलवालं कुटुंब भेटलं, फोन विकला होता म्हणे. त्यांचाही डबा दिला.

बाहेर राहिलेल्या आठ घरांपैकी चार जण विचारतायत आमचं कधी. पॅनल एकच शिल्लक आहे आणि एक डायोड तुटलेलं. म्हणजे बाकीच्यांना नवीन पॅनल घ्यावं लागणार, तिथे खर्च वाढतो. बघू.

१८ मे, रविवार

भट्टीवर. पोराला एक गंमत दाखवली. आत्ता आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराला पाण्याचा पेला उन्हात ठेवला, सावली गायब. त्याला सांगितलं आता महिना-दोन महिने पॅनल आडवं ठेवलंस तरी चालेल, दिवाळीनंतर मात्र दक्षिणेला तोंड कर. तो म्हणाला दक्षिण कुठे. मी म्हणलं कल्याणकडे. बरोबर आहे ना साधारण? दक्षिणच.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत आजच मान्सून जाहीर केला, एरवी ११ जूनची तारीख असते. गेला आठवडाभर वळीव झोडपतच होता. फोन केला तर भट्टीवर नुसता चिखल, थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटा विरघळून गेल्या. डबे पेटीत, पॅनल गोधडीत, माणसं टेम्पोची वाट बघत महामार्गावर पुलाखाली. "दिवा हाय दादा, काळजी नको" असं दादा म्हणाला. काळजी दिव्याची नव्हती रे.

१५ जून

हिशोब झाला, म्हणजे शेठने केला. भिजलेल्या विटा कुणाच्या नावावर टाकल्या हे वेगळं सांगायला नको, उचल फिटलीच नाही म्हणून तीन घरांच्या हातात काही आलं नाही. आमचा जूनचा हप्ता मागायचा प्रश्नच नव्हता, तरी एका वहिनीने दोनशे रुपये गुरुजींकडे आणून दिले. वहीत लिहिले. बाकीच्यांचं दिवाळीला.

विंग नट सगळे शाबूत, एकच हरवला, तिथे सुतळी.

६ जुलै, आषाढी एकादशी

तीन दिवस धो धो. आजीच्या शेजारचा डबा रोज रात्री नऊला बंद पडतो अशी तक्रार होती म्हणून भिजत गेलो. अशा पावसात हे पॅनल दिवसभरात जेमतेम दीड अँपिअर-तास देतं, तरी दिवे काटकसरीने लावले तर तीन-चार दिवस निघायला हवेत. मग?

डब्यातून एक बारीक दोरीसारखी वायर निघून कुडातून बाहेर, वळचणीखालून शेजारच्या घरात गेलेली. मी चिडलो, हे कुणी केलं, ओव्हरलोड होतं, बॅटरी मरेल. कुणी बोलेना. वायरीच्या मागे मागे गेलो तर आत ओली बाळंतीण, बारा दिवसांचं पोर, आणि खाटेच्या पायाला बांधलेला १२ व्होल्टचा छोटा पंखा. मच्छर. पंखा तिच्या नवऱ्याने शहापूरच्या बाजारातून आणलाय, २० वॅटचा, आणि तो मरत मरत फिरत होता.

मोजलं. डब्यापाशी १२.९, पंख्यापाशी ११.६. दहा मीटर ती घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढी वायर, जाऊन येऊन वीस मीटर, सव्वा व्होल्ट वायरच खातेय. आणि पंखा चालू राहिला तर दीडशे वॅट-तासाची बॅटरी अशा पावसात चार-पाच तासांत झोपणारच.

वायर काढली नाही. माझ्या पिशवीत दीड एमएमची वायर होती ती टाकली, पंखा एकदम जोरात, पोर दचकलं, सगळे हसले. पण हा तात्पुरता इलाज. ह्या घराला स्वतःचा डबा लागणार, तोही मोठा, चार सिरीज चार पॅरलल, आणि दोन पॅनल. शिल्लक एक आहे. दुसरं ते कुंभारमाशीवालं, त्याला फक्त डायोड हवा.

बाळंतिणीच्या सासूने विचारलं किती पैसं. तोंडातून निघालं दिवाळीला बघू. वर्कशॉपमध्ये याचा हिशोब द्यावा लागणारे मला.

९ जुलै

डायोड बदलला, १० अँपिअरचा, बारा रुपये. बल्बखाली धरलं तर मीटरवर व्होल्ट आले, उन्हात अजून बघायचंय पण ऊन आहे कुठे. सोळा सेल ऑर्डर केले, या वेळी दोन जास्तीचे, जोड्या लावून निवडायला. पिवळे कनेक्टर संपलेत, सोल्डर पण. रविवारी लोकलचा ब्लॉक आहे म्हणून शनिवारी दुपारच्या कसाऱ्याने निघतोय, गुरुजींना रेनकोट आणायला सांगितलाय.